रीफ टँकमध्ये थवा ठेवायचाय? आधी त्यांच्या पोटाचं बघा

रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) असलेला खाऱ्या पाण्याचा टँक, लावायचं ठरलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकच चित्र असतं, मागे कोरल, पुढे मोकळं पाणी आणि त्या पाण्यात एकसारखे दिसणारे छोटे छोटे मासे एका झटक्यात सगळे मिळून वळतायत. चित्र खरंच आहे, समुद्रातल्या रीफवर अगदी असंच दिसतं. घरच्या टँकमध्ये मात्र ते चित्र चार-सहा महिन्यांच्या पुढे टिकलेलं फार कमी ठिकाणी बघायला मिळतं. थवा कौतुकाने आणला जातो, पहिले काही आठवडे सगळं झकास चालतं, मग एक मासा दिसेनासा होतो, मग अजून एक, आणि मेलेला मासा हाताला लागतच नाही कारण खेकडे, ब्रिसल वर्म आणि कोळंब्या रात्रीतून सगळं फस्त करतात, त्यामुळे नक्की काय झालं तेही कळत नाही. शेवटी दोन-तीन धष्टपुष्ट मासे उरतात, ते टँकच्या दोन टोकांना राहतात आणि एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. मग "हा मासाच नाजूक हो, टिकत नाही" असं म्हणून विषय संपवला जातो.

मासा नाजूक आहे हे मान्य. पण इतकी वर्षं हे मासे सांभाळून माझं ठाम मत झालंय की थवे मोडतात ते मुख्यतः भुकेमुळे. आणि ही भूक अशी की समोर दिसत असूनही लक्षात येत नाही, कारण आपण टाकलेलं खाणं मासे मिटक्या मारत खाताना दिसतात आणि आपल्याला वाटतं चला, पोट भरलं.

आधी थवा का होतो ते बघू. मोकळ्या पाण्यात छोटा मासा एकटा असला की तो कुणाचा तरी घास आहे. गर्दीत शिरलं की शिकारी आणि आपण यांच्यामध्ये दुसरा कुणीतरी येतो, प्रत्येक जण हेच करतो आणि त्यातून घट्ट थवा तयार होतो. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या शास्त्रज्ञाने १९७१ साली हे गणित मांडलं होतं, की एकत्र राहण्यामागे प्रत्येकाचा स्वतःचा जीव वाचवण्याचा हिशोब पुरेसा आहे. शेजाऱ्याने अंग वळवलं की पाण्यात जो दाब बदलतो तो माशाला अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेषेतून कळतो, शिवाय डोळे असतातच, त्यामुळे सगळे एकदम वळल्यासारखे दिसतात.

आता टँकमध्ये शिकारी नाही. दोन-चार आठवड्यांत माशांनाही ते कळतं आणि थवा सैल व्हायला लागतो. सैल झाला म्हणून बिघडत काही नाही, तो निवांत झालाय असंच समजावं. खरी अडचण ही की भीती गेली की तिच्या जागी उतरंड येते. सगळ्यात मोठा मासा प्रवाहातली चांगली जागा धरतो, खाणं पहिलं तो घेतो, त्याच्या खालचा दुसरा, असं करत करत सगळ्यात खालच्याच्या वाट्याला उरलंसुरलं आणि वरच्यांच्या टोचण्या. समुद्रात हा खालचा मासा सरळ पुढच्या कोरलवर निघून जातो. काचेच्या पेटीत तो जाणार कुठे? तो वरच्या कोपऱ्यात, पाणी टँकमध्ये परत सोडणाऱ्या रिटर्न पाइपच्या मागे उभा राहतो, रंग मळकट पडतो, शेपटीच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसायला लागतात. असा मासा दिसला की दिवस मोजायला सुरुवात झालीये असं समजा, बाकीचा थवा कितीही छान दिसत असला तरी.

काही जण सांगतात की टँकमध्ये एखादा मोठा पण निरुपद्रवी मासा ठेवा, म्हणजे छोटे मासे एकत्र राहतात. माझ्या बघण्यातही टँग किंवा फॉक्सफेससारखा शांत स्वभावाचा मोठा मासा असला की क्रोमिस (थव्याने राहणारे छोटे मासे) जरा जवळ जवळ पोहतात. पण थवा घट्ट दिसावा म्हणून त्यांना घाबरवत ठेवणं मला पटत नाही. सतत ताणाखाली असलेला मासा कमी खातो आणि आजार लवकर धरतो, आणि आपल्याला तर उलट त्याला जास्त खायला लावायचंय.

थव्याने राहणारे हे बहुतेक सगळे छोटे रीफ मासे प्लवक खाणारे. म्हणजे रीफच्या कडेला प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं आणि पाण्याबरोबर वाहत येणारे कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव), अंडी, अळ्या एकेक करून टिपायच्या, सकाळी उजेड झाल्यापासून संध्याकाळपर्यंत. जवळून बघा कधी, अँथियस या थव्याने राहणाऱ्या रंगीत माशाच्या समोरून एखादा कण जात असेल तर आधी दोन्ही डोळे पुढे वळतात, अंग क्षणभर स्थिर होतं, मग तोंड नळीसारखं पुढे येतं आणि कण आत ओढला जातो, सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत, आणि लगेच डोळे पुढच्या कणावर. नको असलेला कण असेल तर तितक्याच झटक्यात बाहेर थुंकतो. दिवसभर तो हेच करत असतो. पोट लहान, पचन भराभर, अंगात साठा जवळपास नाही. अशा माशाला सकाळ-संध्याकाळ दोन चिमट्या खाणं घातलं तर क्लाउनफिशला पुरतं ते त्याला पुरत नाही. दोन मिनिटांत पोट टम्म होतं आणि पुढचे कित्येक तास तो रिकाम्या पाण्यात उभा असतो. त्यातही दोन मिनिटांत जे मिळेल ते वरचे मासे मिळवतात. म्हणजे बघा, उपाशी पहिला कोण राहणार तर उतरंडीतला खालचा, आणि टोचण्याही त्यालाच, आणि हळूहळू एकेक कमी होत जाण्याचं कोडं इथेच सुटतं.

म्हणून मी माशाकडे बघते तेव्हा समोरून न बघता वरून आणि बाजूने बघते. डोक्याच्या मागे, पाठीचा पर सुरू होतो तिथलं मांस भरलेलं आहे का? तिथे खोलगट दिसायला लागलं तर मासा बरेच दिवस अर्धपोटी आहे. पोट खपाटीला गेलेलं नंतर दिसतं, तोपर्यंत उशीर झालेला असतो. आणि खाणं घालताना सगळा थवा एकदम बघत बसायचं नाही, सगळ्यात बारक्या माशावर नजर ठेवायची, त्याच्या तोंडात किती कण गेले ते बघायचं. तो खातोय तर सगळे खातायत. भरपूर खाऊनही एकच मासा वाळत चालला असेल तर मात्र पोटात जंत आहेत का हा विचार करावा लागतो.

खायला काय घालायचं. कणाचा आकार तोंडाच्या मापाचा हवा ही पहिली अट. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) चांगलं, पण अख्खं मायसिस छोट्या कार्डिनल माशाच्या तोंडात मावत नाही, तो ते चघळतो आणि सोडून देतो, त्यामुळे बारीक करून द्यावं लागतं. कॅलॅनस हा कोपेपॉड मला सगळ्यात आवडतो, आकार बेताचा, तेल भरपूर, आणि समुद्रात हे मासे जे खातात त्याच्या सगळ्यात जवळचा. सायक्लॉप्स हा कोपेपॉड आणखी बारीक. माशांची बारीक अंडी तर सगळेच तुटून पडून खातात. आर्टेमिया, म्हणजे ब्राइन श्रिंप, मासे आवडीने खातात पण नुसत्या मोठ्या आर्टेमियावर मासा पोसला जात नाही, आवश्यक मेदाम्लं त्यात कमी असतात, त्यामुळे ती एनरिच करून, म्हणजे तिला आधी ती मेदाम्लं खाऊ घालून, द्यायची. नुकतीच फुटलेली पिल्लं असतील तर ती ताजी असतानाच, अंगातला पिवळसर बलक संपायच्या आधी. नवीन आणलेला मासा फ्रोझनला तोंड लावत नसेल तर ही वळवळणारी पिल्लं बऱ्याच वेळा उपोषण सोडवतात. एकदा तो पाण्यात वाहणाऱ्या कणांकडे झेपावायला लागला की त्यात हळूहळू बारीक पेलेट (सुके दाणे) मिसळायचे.

पेलेटवर आणणं गरजेचं यासाठी की मग ऑटोफीडर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप खाणं सोडणारं यंत्र, लावता येतो. माझ्या मते थवा ठेवणाऱ्याने महागडा लाइट घ्यायच्या आधी ऑटोफीडर घ्यावा. दिवसातून चार-सहा वेळा अगदी चिमूटभर, आणि आपण घरी असताना फ्रोझन दोन-तीन वेळा. फ्रोझनचा गोळा तसाच टाकू नका, टँकच्या पाण्यात विरघळवून, गाळून, मग पिपेटने वेव्हमेकरच्या (टँकमध्ये प्रवाह तयार करणाऱ्या पंपाच्या) पुढच्या धारेत थोडं थोडं सोडा. रिटर्न पंप तेवढा वेळ बंद, नाहीतर अर्धं खाणं ओव्हरफ्लोमधून संपमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीत जातं. वेव्हमेकर मात्र चालू ठेवा, कमी वेगावर, कारण कण वाहत आला तरच या माशांना तो खाण्यासारखा वाटतो, तळाला बसलेल्या कणाकडे बरेचसे ढुंकूनही बघत नाहीत. आणि खाणं टँकच्या दोन ठिकाणी सोडा, एका ठिकाणी दादा मासा पहारा देत असला तरी दुसरीकडे बाकीच्यांना दोन घास मिळतात.

एवढं खाणं म्हटल्यावर रीफवाल्यांच्या पोटात गोळा येतो तो खाण्यामुळे पाण्यात साठणाऱ्या नायट्रेट-फॉस्फेटचा. भीती अगदीच निराधार नाही पण वाढवून सांगितली जाते. मोठा स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र), संपमध्ये कीटोमॉर्फा शेवाळं वाढवणारं रिफ्यूजियम, नियमित पाणी बदलणं, फिल्टर सॉक वेळच्या वेळी धुणं, एवढं असेल तर भरपूर खाणारा थवा आणि निरोगी कोरल एकाच पाण्यात राहतात. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमच्या आसपास असेल तर बहुतेक कोरल खूश असतात. उलट दोन्ही शून्यावर आणून ठेवलेल्या टँकमध्ये कोरल फिके पडतात आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्मजीवांचा तो चिकट तपकिरी थर येतो, तो घालवणं म्हणजे जिवाला घोर.

आणि एक अभ्यास आहे जो मला फार आवडतो. १९८३ साली ज्युडी मेयर, एरिक शुल्ट्झ आणि जीन हेल्फमन यांनी सायन्स या नियतकालिकात दाखवून दिलं होतं की कॅरिबियनमध्ये ज्या कोरलवर ग्रंट माशांच्या पिल्लांचे थवे दिवसभर विश्रांतीला थांबतात ती कोरल थवे नसलेल्या कोरलपेक्षा जास्त वाढतात. मासे रात्री बाहेर जाऊन खाऊन येतात आणि दिवसा त्यांच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया आणि विष्ठेतलं फॉस्फरस खालच्या कोरलला मिळतं. घरच्या टँकमध्येही माशाला घातलेलं खाणं वाया जात नाही, माशाच्या अंगातून जाऊन ते कोरलच्या पदरात पडतं, आणि बाटलीतून कोरल फूड ओतण्यापेक्षा हा मार्ग मला शंभर पटीने योग्य वाटतो.

आता कोणता मासा. सगळ्यात आधी ग्रीन क्रोमिस, म्हणजे क्रोमिस विरिडिस, कारण नवशिक्याला पहिला सल्ला याचाच दिला जातो, स्वस्त आहे आणि सोपा आहे म्हणून. मला हा सल्ला पटत नाही. समुद्रात हे मासे फांद्यांच्या अ‍ॅक्रोपोरा कोरलच्या वर ढगासारखे तरंगत असतात आणि जरा खुट्ट झालं की सगळेच्या सगळे फांद्यांच्या आत गडप. दिसायला अप्रतिम, उजेडाच्या कोनाप्रमाणे हिरवा-निळा झळकणारा रंग. पण वर सांगितलेला टोचण्यांचा प्रकार यांच्यात सगळ्यात जास्त, शेवटी जात डॅमसेल या भांडखोर माशांच्या कुळातली आहे. लपायला फांद्यांची कोरल नसतील तर खालच्या माशाला दिवसभरात एक मिनिट शांतता मिळत नाही. क्रोमिस ठेवायचेच असतील तर आधी फांद्यांचं कोरल किंवा तशी खडकांची रचना वाढू द्या, मग मासे, आणि सगळे एकाच मापाचे, लहान वयाचे, एकाच वेळी सोडलेले. यांच्यातलेच व्हँडरबिल्ट क्रोमिस आकाराने आणखी लहान असतात, लाटांच्या खळबळाटात राहणारे, मला ते ग्रीन क्रोमिसपेक्षा जास्त जमणारे वाटतात, फक्त प्रवाह जोरदार हवा.

क्रोमिसचं दुसरं दुखणं म्हणजे युरोनेमा. अंगाच्या बाजूला लालसर चट्टा, आधी बारीक, मग बघता बघता जखमेसारखा, आणि मग एक-दोन दिवसांत मासा जातो. हा सूक्ष्मजीव माशाशिवायही पाण्यात जगू शकतो, घाणीवर, जिवाणूंवर, त्यामुळे टँक रिकामा ठेवून त्याला उपाशी मारता येत नाही आणि तांब्याच्या औषधाला तो दाद देत नाही. दमलेल्या, खरचटलेल्या, दाटीवाटीने ठेवलेल्या माशांवर तो चढतो. म्हणून विकत घेतानाच टाकीतल्या सगळ्या क्रोमिसच्या दोन्ही बाजू नीट बघायच्या, आणि एकाच्याही अंगावर असा डाग दिसला तर त्या टाकीतला एकही मासा घ्यायचा नाही, बाकीचे कितीही चांगले दिसोत.

अँथियसबद्दल मी तासन्‌तास बोलू शकते. खऱ्या रीफची जी आठवण माणूस घेऊन येतो ती बऱ्याचदा यांचीच असते, केशरी, गुलाबी, जांभळ्या माशांचा लोट. यात सुद्धा सगळे सारखे नाहीत. लायरटेल अँथियस, स्यूडँथियस स्क्वामिपिनिस, काटक आहे पण मोठा होतो आणि नर दांडगाई करतो, त्याला लांब टँक हवा. बार्टलेट अँथियस नऊ सेंटीमीटरपर्यंतच वाढतो, पटकन खायला लागतो, चार फुटी टँकमध्ये एक नर आणि चार-पाच माद्या नीट राहतात, सुरुवात करायची तर याच्यापासून करावी. इव्हान्स, टुका, पर्पल क्वीन हे रंगाने वेड लावणारे पण खायच्या बाबतीत फार चोखंदळ, दिवसातून सहा-सात वेळा कॅलॅनससारखं बारीक खाणं घालायची सोय असेल तरच त्यांच्या वाटेला जा. ल्युझोनिक्थिस वेटेइ नावाचा एक छोटासा अँथियस आहे, पाठीचा पर दोन तुकड्यांत विभागलेला, म्हणून त्याला स्प्लिटफिन म्हणतात, साधारण सात सेंटीमीटरचा. खरा थवा करून राहणारा मासा बघायचा तर हा, आणि सतत न खाता एक दिवस काढू न शकणाराही हाच. ज्याच्या टँकमध्ये हा थवा वर्षानुवर्षं टिकलाय त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण त्यामागे रोजची किती मेहनत आहे ते मला कळतं. खोल पाण्यातून आणलेले अँथियस असतील तर वर आणताना दाब बदलून पोहण्याच्या पिशवीला (अंगातल्या हवेच्या पिशवीला) इजा झालेली असू शकते, त्यामुळे डोकं खाली आणि शेपूट वर धरून कष्टाने पोहणारा मासा घेऊ नका.

ज्यांना दिवसातून इतक्या वेळा खाणं घालणं शक्य नाही त्यांच्यासाठी कार्डिनल. हे रात्री खाणारे मासे, दिवसा कोरलच्या आडोशाला संथ तरंगत असतात, जास्त पोहत नाहीत म्हणून भूकही बेताची. थ्रेडफिन कार्डिनल, झोरामिया लेप्टाकँथा, हा माझा सगळ्यात लाडका. अर्धपारदर्शक अंग, डोक्याजवळ निळसर रेघा, पाठीवर एक लांब बारीक तंतू, आणि आत मणक्याची रेघ दिसते. एकटा बघितला तर कुणाचं लक्षही जाणार नाही, पण फांद्यांच्या कोरलच्या वर यांचा थवा स्थिर तरंगत असला की नजर हटत नाही. इतर कुणी दादागिरी केली तर हे लगेच माघार घेतात, त्यामुळे यांच्याबरोबर डॉटीबॅक, डॅमसेल, हॉकफिश अजिबात नको, आणि आधीपासून घर करून बसलेला, हद्द सांभाळणारा कुठलाच मासा नको. यांना खाणं संध्याकाळी, लाइट मंद होताना जास्त घालायचं.

बांगाई कार्डिनलला थव्याचा मासा समजून पाच-सहा आणणारे बरेच असतात. लहानपणी तो थव्यानेच राहतो, समुद्रात लांब काट्यांच्या सी अर्चिनच्या काट्यांमध्ये लपतो. मोठे झाले की जोडी जमते आणि ती जोडी बाकीच्यांना एकेक करून संपवते. म्हणून जोडीच ठेवा. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांच्या आसपासच मूळचा असलेला हा मासा, १९३३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, १९९० च्या दशकात हौशी लोकांच्या बाजारात आला आणि २००७ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला. नर जवळपास महिनाभर अंडी आणि नंतर पिल्लं तोंडात सांभाळतो, तेवढा काळ खात नाही. पिल्लं बाहेर येतात ती थेट छोट्या बांगाईसारखीच, त्यामुळे टँकमध्ये पैदास करणं समुद्री माशांत सगळ्यात सोप्यांपैकी एक. इतकं सोपं असताना समुद्रातून पकडलेला बांगाई घेण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही, पैदास केलेलाच मागा, मिळेपर्यंत थांबा.

मासे आणल्यावरचे पहिले काही तास फार नाजूक असतात. लांबून आलेल्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढून पाण्याचा पीएच उतरलेला असतो, आणि कमी पीएचला अमोनिया तितका विषारी नसतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. त्यामुळे पिशवी उघडून तास-दोन तास थेंब थेंब पाणी सोडत बसणं लांबून आलेल्या छोट्या माशांना घातक ठरतं. पिशवी बंद ठेवूनच तापमान जुळवा, क्वारंटाइन टाकीची (नवे मासे आधी वेगळे ठेवायच्या टाकीची) क्षारता, म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण, आधीच पिशवीतल्या पाण्याइतकी करून ठेवा, म्हणजे पिशवी उघडली की मासे लगेच टाकीत. क्षारता मग दोन-तीन दिवसांत हळूहळू वर आणता येते.

क्वारंटाइन कराच, आणि थव्याचा करताना सगळ्यांचा एकत्र करा. व्हेलवेट आणि क्रिप्टोकॅरियन (पांढरे ठिपके) या दोन परजीवी रोगांसाठी तांब्याचा उपचार वेगळ्या टाकीतच, रीफ टँकमध्ये तांबं गेलं तर कोळंब्या, गोगलगायी, कोरल सगळ्यांची वाट लागते. क्वारंटाइनमध्ये पीव्हीसी पाइपचे भरपूर तुकडे टाका, तीन बाजूंनी टाकी झाकून अंधार द्या, आणि हा काळ नुसता औषधाचा न समजता खायला शिकवायचा समजा. जो मासा क्वारंटाइनमधून बाहेर पडताना पेलेट खातोय आणि डोक्यामागे भरलेला आहे त्याची पुढची निम्मी लढाई जिंकलेली असते.

मुख्य टँकमध्ये सोडताना लाइट बंद, सगळे एकदम. आणि वर जाळी. जाळीशिवाय हे मासे ठेवूच नयेत. अचानक लाइट लागला, कुणी मागे लागलं की अँथियस उडी मारतात, डार्टफिश तर उडी मारण्यासाठीच जन्माला आल्यासारखे, आणि टँकला बारीकशी फट असेल तरी बरोबर तिथूनच बाहेर जातात. लाइट एकदम पेटणारा नको, हळूहळू वाढणारा आणि उतरणारा हवा. ओव्हरफ्लोच्या दातांना बारीक जाळी लावा, थ्रेडफिन कार्डिनल त्यातून सहज घसरून संपमध्ये जातात. वेव्हमेकरचा वेग रात्री कमी करा, झोपेतला छोटा मासा त्याच्या तोंडाशी ओढला जाऊ शकतो.

रात्रीची आणखी एक गोष्ट, टँकमध्ये कोण कोण आहे ते नीट तपासा. कार्पेट अ‍ॅनिमोनी छोटा मासा अख्खा गिळते. एलिफंट इअर नावाचं मोठं मश्रूम कोरल कडा वर उचलून पिशवीसारखं बंद होतं आणि आत विसावलेला मासा तिथेच संपतो. हिरवा ब्रिटल स्टार (तारामाशासारखा लांब पायांचा जीव) तर रात्री झोपलेल्या माशांची शिकारच करतो, अंग उंच उचलून खाली गुहेसारखी जागा करतो, मासा आडोसा समजून आत जातो आणि तो पाय आवळून घेतो. थवा कमी होत असेल आणि उतरंड, खाणं, आजार सगळं ठीक दिसत असेल तर रात्री उशिरा लाल टॉर्च लावून बघा, बऱ्याचदा उत्तर तिथे मिळतं.

ऑक्सिजनकडेही तितकंच लक्ष हवं. गरम आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो, २५-२६ अंशांना समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण पावणेसात मिलिग्रॅम एवढीच त्याची मर्यादा, आणि दिवसभर पोहणारे मासे तो भराभर वापरतात. वीज गेली की टँकमध्ये सगळ्यात आधी धापा टाकायला लागतात ते अँथियस. बॅटरीवर चालणारा एक एअर पंप किंवा वेव्हमेकरला बॅटरी बॅकअप, यातलं एक तरी थवा आणायच्या आधी घरात असायलाच हवं. रात्री पाण्यातला ऑक्सिजन उतरतो, म्हणून स्किमर रात्री बंद करायचा नाही.

शेवटी अँथियसच्या नराबद्दल, कारण हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. नर मेला, आता दुसरा नर आणू का? आणू नका. अँथियस जन्मतात मादी म्हणून, आणि लेव फिशेल्सन यांनी १९७० साली लायरटेल अँथियसवर प्रयोग करून दाखवलं होतं की गटातला नर काढला की वरच्या क्रमांकाची मादी नर होते आणि नर समोर असेपर्यंत हा बदल रोखला जातो. काही आठवड्यांत तिचा रंग पालटतो, पाठीच्या पराचा काटा लांबतो, वागणं तर त्याही आधी बदलतं, ती इतरांना हाकायला लागते. बाहेरून नवा नर आणला तर तिकडे बदलायला लागलेल्या मादीशी त्याची जुंपते आणि बऱ्याचदा दोघांपैकी एक जातो. त्यापेक्षा या आठवड्यांत धावपळ आणि हाकलाहाकली वाढणार हे धरून चाला, खाण्याच्या वेळा वाढवा, दोनाच्या जागी तीन ठिकाणी खाणं सोडा, आणि सगळ्यात बारक्या मादीचं डोक्यामागचं मांस रोज बघत राहा. तिथे खोलगट दिसायला लागलं तर तिला काही दिवस टँकमध्येच जाळीच्या पेटीत ठेवा, सगळ्यांच्या नजरेसमोर पण कुणाच्या तोंडाला न लागता, आणि पोटभर खाऊ घालून मग परत सोडा.